पुणे–मदुराई कनेक्टिंग विमान: दोन उड्डाणांमध्ये किती वेळ ठेवावा?

वेताळटेकडी:

नमस्कार. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आईवडिलांना रामेश्वरला न्यायचे ठरले आहे. गेल्या वर्षी ते काशीला जाऊन आले. तिथून आणलेला गंगेचा सीलबंद गडू तेव्हापासून देवघरात आहे आणि तो रामेश्वराला वाहिल्याशिवाय यात्रा पुरी झाली असे वडील मानायला तयार नाहीत. वडील ७६ वर्षांचे आहेत आणि आई ७१ वर्षांची. आई सपाट जागी हळूहळू चालते, पण गुडघ्यांमुळे तिला जिना चढता-उतरता येत नाही. रेल्वेचा लांबचा प्रवास तिला झेपणार नाही म्हणून विमानाने जावे असा विचार आहे. रामेश्वरला विमानतळ नसल्यामुळे मदुराईपर्यंत विमान आणि पुढे सुमारे १७० किलोमीटर मोटार, असे ढोबळ नियोजन केले आहे.

पुण्याहून मदुराईला थेट विमान सापडले नाही. आम्ही चौघे आहोत आणि पुढील तीन पर्याय समोर आहेत. पहिला चेन्नईमार्गे, एकाच कंपनीची दोन्ही विमाने, माणशी ७,९०० रुपये. चेन्नईला सकाळी १० वाजून १० मिनिटांनी पोहोचायचे आणि ११ वाजून ५ मिनिटांचे मदुराईचे विमान पकडायचे, म्हणजे मध्ये ५५ मिनिटे. दुसरा हैदराबादमार्गे, तीही एकच कंपनी, माणशी ९,६०० रुपये, मध्ये ३ तास १० मिनिटे. तिसरा बंगळूरुमार्गे, दोन वेगळ्या कंपन्यांची विमाने, मध्ये सव्वादोन तास, माणशी ६,८५० रुपये. या तिसऱ्या पर्यायाखाली बारीक अक्षरांत ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे लिहिले आहे.

माझ्या यजमानांचे म्हणणे असे की संकेतस्थळ ५५ मिनिटांचे तिकीट विकते आहे, त्या अर्थी तेवढा वेळ पुरत असणारच. मला खात्री वाटत नाही. ज्येष्ठांना घेऊन असा प्रवास केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लोहगावकर:

तुमच्या यजमानांचे म्हणणे अगदीच चूक नाही. प्रत्येक विमानतळासाठी कनेक्शनची एक किमान वेळ ठरलेली असते आणि त्यात बसणारीच जोडी एका तिकिटावर विकली जाते. मात्र ती किमान वेळ पहिले विमान वेळेवर उतरले आणि प्रवासी आपल्या पायांनी भराभर चालला, असे गृहीत धरून ठरलेली असते. तुमच्या बाबतीत दुसरी अट आधीच बाद आहे.

आता कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडा. १० वाजून १० मिनिटे ही विमान जागेवर उभे राहण्याची वेळ आहे. दार उघडून पुढच्या रांगा हलेपर्यंत दहा वाजून वीस होतात. व्हीलचेअरवरील प्रवाशांना विमानात चढवताना पहिले घेतात, पण उतरवताना सर्वांत शेवटी उतरवतात, म्हणजे आई खुर्चीत बसून इमारतीत येईपर्यंत साडेदहा ते दहा पस्तीस. पुढच्या विमानाचे बोर्डिंग गेट उड्डाणाच्या २५ मिनिटे आधी बंद होते, म्हणजे ११ वाजून ५ मिनिटांच्या विमानासाठी १० वाजून ४० मिनिटांनी. तुमच्या ५५ मिनिटांतून हातात उरली पाच मिनिटे, आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते ते वेगळेच. शिवाय चेन्नई–मदुराईसारख्या छोट्या टप्प्यावर अनेकदा एटीआर हे पंख्याचे विमान असते. त्याला एरोब्रिज, म्हणजे इमारतीतून विमानाच्या दारापर्यंत नेणारा बंद पूल, लावत नाहीत. बसने विमानापर्यंत न्यावे लागते आणि शेवटची बस गेली की विमान डोळ्यांसमोर उभे असूनही उपयोग नसतो.

तिसऱ्या पर्यायाबद्दल मात्र मी हात जोडून सांगेन की तो सोडून द्या. ‘सेल्फ ट्रान्सफर’चा अर्थ असा की ही दोन स्वतंत्र तिकिटे आहेत आणि संकेतस्थळाने ती फक्त एका पानावर शेजारी-शेजारी मांडली आहेत. बंगळूरुला सामान पट्ट्यावरून उचलायचे, बाहेर पडायचे, दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर पुन्हा चेक-इन करायचे, आणि ती कंपनी दुसऱ्या टर्मिनलवर असेल तर तिथवर बसने जायचे, हे सारे तुमचे तुम्ही करायचे असते.

मी हे शिकलो ते पैसे मोजून. बागडोगऱ्याला जाताना मी कोलकात्यापर्यंत एक आणि पुढचे दुसरे, अशी दोन वेगळी तिकिटे काढली होती आणि मध्ये २ तास २० मिनिटे ठेवून स्वतःला फार शहाणा समजत होतो. पुण्याहून निघालेले विमान ५० मिनिटे उशिरा पोहोचले. पट्ट्यावर बॅग येऊन निर्गमनाच्या काउंटरपर्यंत धावत जायला ३५ मिनिटे लागली, म्हणजे उड्डाणाला ५५ मिनिटे शिल्लक होती. काउंटर ६० मिनिटे आधी बंद होतो. खिडकीतल्या मुलीने घड्याळाकडे बोट दाखवले आणि तिचे काही चुकलेही नव्हते. पहिली कंपनी म्हणाली की आम्ही तुम्हाला कोलकात्याला पोहोचवले, आमचे काम झाले. दुसरी म्हणाली की तुम्ही वेळेवर आला नाहीत. कर आणि विमानतळ शुल्क तेवढे परत मिळाले, आणि संध्याकाळचे नवीन तिकीट मूळ तिकिटाच्या दुपटीहून महाग पडले.

एका पीएनआरवर दोन्ही विमाने असतील तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय करणे ही कंपनीची जबाबदारी असते. माणशी जास्तीचे जे पैसे तुम्ही भरता ते याचे असतात. हैदराबादमार्गे जावे. तिथे सगळी उड्डाणे एकाच टर्मिनलमधून होतात हीदेखील सोय आहे.

घाटमाथा:

मुंबईहून मदुराईला थेट विमान असते. पुण्याहून पहाटे मोटारीने निघून थेट विमान पकडले तर कनेक्शनची कटकटच उरत नाही. तो पर्याय पाहिला का?

वेताळटेकडी:

पाहिला होता. कोथरूडहून मुंबई विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि खंडाळ्याच्या घाटात शनिवार-रविवारी किंवा एखादा ट्रक बंद पडला तर किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. चार तास मोटारीत आणि पुन्हा मदुराईहून साडेतीन तास मोटारीत, हे आईच्या गुडघ्यांना एका दिवशी शक्य नाही. विमान चुकवायचेच असेल तर ते घाटात बसून चुकवण्यापेक्षा हैदराबादच्या वातानुकूलित इमारतीत चुकलेले बरे.

लोहगावकरांच्या हिशेबाने घरात एकमत झाले आहे. आता बुकिंगच्या वेळी काय काळजी घ्यायची तेही कोणी सांगावे. गडू विमानात हातात नेता येतो का, हा वडिलांचा प्रश्न आहे.

तिकीटखिडकी:

मी अनेक वर्षे तिकीट एजन्सीत काम केले आहे. नेहमी जिथे चुका होतात तेवढेच लिहितो.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो. तिकिटावरचे नाव आणि सोबत नेणार त्या ओळखपत्रावरचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे. आपल्याकडे ज्येष्ठ बायकांची तीन-तीन नावे असतात, माहेरचे, सासरचे आणि हाक मारायचे, आणि मुले घाईत हाकेचेच नाव टाकून मोकळी होतात. आधार कार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर पाहून टाका. मधले नाव वडिलांचे की पतीचे, हेही त्यावर जसे असेल तसेच ठेवा.

व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागा, निदान प्रवासाच्या ४८ तास आधी तरी ती नोंदलेली असावी. इथे एक बारीक गोष्ट आहे जी फार थोड्या लोकांना ठाऊक असते. व्हीलचेअरचे प्रकार असतात: डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण जिना चढता येतो, आणि डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढता येत नाही. तुमच्या मातोश्रींसाठी दुसरा प्रकार नोंदवा. पहिला नोंदवला तर खुर्ची विमानाच्या शिडीपर्यंत येईल आणि वर कसे जायचे हा प्रश्न तिथे उभा राहील. दोन्ही टप्प्यांसाठी विनंती नोंदली गेली आहे की नाही, हे कंपनीला फोन करून विचारा. पहिल्या टप्प्यावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

दराबद्दल. एकदम चार प्रवासी टाकून शोधले की ज्या दरात चार जागा शिल्लक आहेत तो दर चौघांनाही लागतो. स्वस्त दराच्या दोनच जागा उरल्या असतील तर त्या तुम्हाला दिसतही नाहीत. म्हणून आधी एक, मग दोन प्रवासी टाकून दर पाहावा. फरक आढळला तरी तुमच्या बाबतीत मी तिकिटे फोडा असे सुचवणार नाही, कारण काही बिनसले तर एक पीएनआर संध्याकाळच्या विमानात आणि दुसरा उद्याच्या, अशी ताटातूट होऊ शकते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मूळ भाड्यावर असते आणि बऱ्याचदा साधा सवलतीचा दरच तिच्यापेक्षा स्वस्त निघतो, तेव्हा दोन्ही पाहूनच ठरवा.

तिकीट शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा आणि मोबाइल क्रमांक तुमचा द्या. एजंटाचा क्रमांक पडला तर वेळ बदलल्याचा निरोप त्याच्याकडे जातो, आणि तो दिवाळीच्या सुट्टीवर असतो. हा निरोप येण्याची शक्यता तुमच्या बाबतीत खरोखरच आहे. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून लागू होते, आणि आधी काढलेल्या नोव्हेंबरच्या तिकिटांच्या वेळा त्या सुमारास अनेकदा सरकतात. एक टप्पा तासभर पुढे आणि दुसरा अर्धा तास मागे सरकला की तीन तासांचे अंतर दीड तासावर येते. असे झाले तर निमूटपणे ‘मान्य’ वर टिचकी मारू नका. कंपनीने वेळ बदललेली असल्यामुळे दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो.

नियमांबद्दल थोडेसे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार उड्डाण सहा तासांहून अधिक उशिरा निघणार असेल तर प्रवाशाला पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांतून निवड करता येते. उड्डाण रद्द झाल्याचे वेळेत कळवले नाही तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपयांपर्यंत भरपाई आहे. मात्र मूळ भाडे आणि इंधन शुल्क यांची बेरीज त्याहून कमी भरली तर तेवढीच मिळते. वादळ-पावसासारखे कारण असेल तर भरपाई मिळत नाही. तिकीट तुम्ही स्वतः रद्द केले किंवा विमान चुकले तरी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळते. पण लोक मागतच नाहीत.

पुणेकरांसाठी एक खास सूचना. पुण्याहून मध्यरात्रीनंतर बरीच विमाने सुटतात आणि १८ तारखेच्या ००:४० च्या विमानासाठी १७ तारखेच्या रात्री घरातून निघायचे असते. १८ च्या रात्री सामानसुमान घेऊन लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, पोहोचलेली सबंध कुटुंबे मी पाहिली आहेत.

गडू चेक-इनच्या सुटकेसमध्ये, कपड्यांत नीट गुंडाळून ठेवा. धातूचे सीलबंद भांडे सुरक्षा तपासणीत अडले तर ते उघडून दाखवायला सांगतील आणि सील फुटेल. पूजेसाठी नारळ इथून नेऊ नका. सुके खोबरे तर चेक-इनच्या सामानातही चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना २०२४ च्या हंगामात इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ हातातल्या सामानात नेण्याची मुभा दिली होती, पण ती फक्त त्या यात्रेकरूंसाठी होती. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच सामानात हवी.

वैगैकाठ:

मी मूळची पुण्यातल्या सहकारनगरची, आता मदुराईत राहते. हैदराबादमार्गे येण्याचा निर्णय योग्य आहे आणि त्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे पाऊस. आपल्याकडचा पाऊस परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तमिळनाडूत ईशान्य मोसमी पावसाचा हंगाम असतो आणि चक्रीवादळेही याच दिवसांत येतात. ४ डिसेंबर २०२३ रोजी मिचाँग आणि ३० नोव्हेंबर २०२४ रोजी फेंगल या वादळांमुळे चेन्नईचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. मदुराई समुद्रापासून दूर आतल्या बाजूला आहे, त्यामुळे अनेकदा इथे नुसती भुरभुर असते आणि चेन्नईत गुडघाभर पाणी. बंगळूरुचे सांगायचे तर विमानतळ आहे त्या देवनहळ्ळीच्या माळावर हिवाळ्यातल्या पहाटे धुके उतरते, आणि सकाळी सातच्या सुमाराची विमाने खोळंबतात.

त्यामुळे जाताना पुण्याहून दिवसाचे शक्य तितके पहिले विमान घ्यावे. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते आणि सकाळचा वीस मिनिटांचा उशीर संध्याकाळी दीड तासाचा झालेला असतो. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, त्यांच्या सरावामुळेही नागरी विमानांना थांबावे लागते, हे तुम्ही जाणताच.

खरा धोका परतीच्या दिवशी आहे आणि त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही. रामेश्वरला पहाटे स्फटिक लिंगाचे दर्शन असते, त्यानंतर बावीस तीर्थांचे स्नान, मग ओले कपडे बदलून पुन्हा दर्शन. हे सगळे सकाळी उरकून दुपारी मदुराईहून विमान पकडू, असे नियोजन करणारे पाहुणे माझ्याकडे दर वर्षी येतात आणि रामनाथपुरमजवळ मोटारीत बसून मला फोन करतात. आदल्या रात्री मदुराईत मुक्काम ठेवा. मीनाक्षीचे दर्शन होईल आणि विमानतळ तिथून जेमतेम बारा किलोमीटर आहे. जातानाही त्याच दिवशी पुढे रामेश्वर गाठण्याचा अट्टहास करू नका. विमान उशिरा आले तर पावसात, अंधारात मोटार चालवावी लागेल.

घाटमाथा:

मुंबईचा मुद्दा मागे घेतो. पण ज्येष्ठांना विमानतळावर तीन तास बसवून ठेवणे हीदेखील शिक्षाच आहे, हे कोणी लक्षात घेत नाही. लोखंडी बाकावर माझ्या सासऱ्यांची पाठ धरली होती.

लोहगावकर:

ते खरे आहे, आणि म्हणूनच मी पाच तास सुचवले नाहीत. दोन ते साडेतीन तासांच्या दरम्यानचे अंतर ज्येष्ठांना मानवते. त्यातला पाऊण तास उतरण्यात आणि तपासणीत जातो, अर्धा तास स्वच्छतागृह आणि औषधे, अर्धा तास डबा. घरचा डबा नेता येतो, फक्त पातळ भाजी नको. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाला गेटजवळच्या पाठीला टेकायच्या खुर्च्यांपाशी सोडायला सांगावे आणि पुन्हा केव्हा येणार ते विचारून घ्यावे. तो दरम्यान दुसऱ्या प्रवाशाकडे जातो.

आणखी एक काम पुण्यातच करा. काउंटरवर सामान दिल्यावर बॅगेला लावलेली पट्टी स्वतः वाचा. तिच्यावर मोठ्या अक्षरांत शेवटच्या विमानतळाचा संकेत असतो, मदुराईसाठी आयएक्सएम. एचवायडी एवढेच ठळक दिसले तर बॅग हैदराबादलाच उतरणार, तेव्हा तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. दोन्ही टप्प्यांचे बोर्डिंग पासही पुण्यातच मागून घ्या.

वेताळटेकडी:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तिकिटे काढली. जाताना हैदराबादमार्गे, पुण्याहून सकाळी पावणेसातचे विमान, मध्ये ३ तास १० मिनिटे, चौघांचा एकच पीएनआर. कंपनीच्या संकेतस्थळावर माणशी दोनशे रुपये कमी पडले, कारण मधल्या संकेतस्थळाचे सुविधा शुल्क वाचले. येतानाही हैदराबादमार्गेच येणार आहोत, मध्ये २ तास ४० मिनिटे आहेत आणि आदल्या रात्री मदुराईत मुक्काम. जाताना त्या दिवशी पुढे न जाता मदुराईतच राहू.

तिकीटखिडकी यांनी सांगितले नसते तर मी आईचे नाव ‘मंदा’ असेच टाकले असते. आधारवर ती ‘मंदाकिनी’ आहे हे मला कार्ड हातात घेतल्यावर आठवले. व्हीलचेअर दोन्ही टप्प्यांवर डब्ल्यूसीएचएस म्हणून नोंदवली. नंतर फोन केला तेव्हा परतीच्या दुसऱ्या टप्प्यावर ती खरोखरच नोंदलेली नव्हती, ती करून घेतली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात वेळा पुन्हा तपासण्यासाठी दिनदर्शिकेवर खूण केली आहे.

गडूचा निर्णय मात्र सहज लागला नाही. गंगा सुटकेसमध्ये कोंबायची हे वडिलांना पटेना. शेवटी तो त्यांच्या सोवळ्यात गुंडाळून, भोवती टॉवेल घालून सुटकेसच्या मधोमध ठेवायला ते राजी झाले, पण सुटकेस कुठेही आडवी ठेवली जाऊ नये, या अटीवर. ही अट पुणे, हैदराबाद आणि मदुराई अशा तिन्ही ठिकाणच्या सामान चढवणाऱ्यांना कळवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.